वजनाचा व्यायाम आणि स्नायूंची लवचिकता: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

गावातील व्यायामशाळेत बारबेल उचलणारे तरुण, पोलीस आणि सैन्य भरतीची तयारी करणारी मुले-मुली, तसेच घरच्या ओसरीवर डंबेल आणि दंड-बैठकांवर भागवणारे शेतकरी यांच्याकडून लवचिकतेविषयी जे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात, त्यांची उत्तरे येथे दिली आहेत. ही उत्तरे निरोगी माणसासाठी आहेत. जुनी दुखापत किंवा शस्त्रक्रिया झालेली असल्यास आधी डॉक्टरांना विचारावे.

वजन उचलल्याने अंग आखडते, हे खरे आहे का?

नाही. वजनाचा व्यायाम सांध्याच्या पूर्ण हालचालीत केला, तर लवचिकता कमी होत नाही, उलट वाढते. ताकदीचा व्यायाम आणि स्ट्रेचिंग (म्हणजे स्नायू ताणण्याचा व्यायाम) यांची तुलना करणाऱ्या अनेक प्रयोगांचा एकत्रित आढावा 2021 मध्ये प्रसिद्ध झाला. सांध्याची हालचाल वाढवण्यात दोन्ही प्रकारांमध्ये ठळक फरक त्यात आढळला नाही.

तरीही हा समज गावोगावी टिकून आहे आणि त्याला दोन कारणे आहेत. पहिले म्हणजे, नव्याने व्यायाम सुरू केल्यावर दोन-तीन दिवस मांड्या भरून येतात, पायऱ्या उतरताना भिंत धरावी लागते, आणि माणसाला वाटते की अंग कायमचे आखडले. ही अवस्था तात्पुरती असते. दुसरे कारण अधिक खरे आहे: बहुतेक ठिकाणी व्यायाम अर्धवट केला जातो. बारवर वजन जास्त चढवायचे म्हणून गुडघे जेमतेम वाकवून बैठक संपवली जाते, बेंच प्रेसमध्ये (बाकावर उताणे निजून बार वर ढकलताना) बार छातीपासून वीतभर वरूनच परत नेला जातो, आणि बायसेप्सचा डंबेल खाली पूर्ण सोडला जात नाही. शरीर ज्या टप्प्यात राबते, त्याच टप्प्यात तयार होते. वर्षानुवर्षे अर्ध्याच हालचालीत काम केलेल्या स्नायूने उरलेल्या हालचालीत कुरकुर केली, तर दोष वजनाचा नसून पद्धतीचा असतो.

आपल्याकडच्या जुन्या तालमींत ताकद आणि लवचिकता या दोन गोष्टी वेगळ्या मानल्याच जात नव्हत्या. अमरावतीचे श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ 1914 मध्ये स्थापन झाले आणि 1936 मध्ये बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी मंडळाच्या पथकाने भारतीय व्यायामप्रकारांची प्रात्यक्षिके दाखवली. त्या परंपरेतील साधा दंड पाहिला तरी पुरे: कंबर वर असताना मांडीमागचे स्नायू आणि पोटऱ्या ताणल्या जातात, छाती जमिनीलगत सरकताना खांद्यांवर भार येतो, आणि शेवटी छाती वर उचलताना पोट व जांघेचा पुढचा भाग मोकळा होतो.

स्ट्रेचिंग केल्यावर स्नायू खरोखर लांब होतो का?

लगेच होत नाही. अर्धा-एक मिनिट ताण धरून ठेवल्यावर स्नायू थोडा सैल पडतो आणि हालचाल वाढलेली दिसते, परंतु हा परिणाम साधारणपणे अर्ध्या तासाच्या आत ओसरतो. पुढचे काही आठवडे नियमित स्ट्रेचिंग केल्यावर जी वाढ टिकते, तिचा मोठा वाटा मज्जासंस्थेचा असतो, म्हणजे पूर्वी ज्या कोनात मेंदू वेदनेचा इशारा देत असे, तोच कोन त्याला आता सहन होऊ लागतो. नव्या गोऱ्ह्याला जुवाची सवय लावताना त्याची मान काही बदलत नाही, फक्त त्याचे बुजणे कमी होते. येथेही सुरुवातीला तेच घडते.

स्नायूच्या तंतूंची लांबी प्रत्यक्ष वाढवायची असेल, तर ताणलेल्या अवस्थेत भार देणे अधिक उपयोगी पडते. वजन सावकाश खाली सोडताना स्नायू लांबत असतो आणि त्याच वेळी काम करत असतो. अशा व्यायामाने काही आठवड्यांत मांडीमागच्या स्नायूंचे तंतू लांब झाल्याचे अल्ट्रासाउंडवर मोजले गेले आहे. म्हणूनच वजनाचा व्यायाम करणाऱ्याने लवचिकतेसाठी निराळी दुनिया शोधण्यापूर्वी आपली प्रत्येक उचल पूर्ण आणि संथ आहे का, हे पाहावे असे आमचे स्पष्ट मत आहे.

स्ट्रेचिंग वजन उचलण्याआधी करावे की नंतर?

ताण धरून एका जागी थांबण्याचा प्रकार नंतर करावा, किंवा वेगळ्या वेळी करावा. एका स्नायूला एकूण 60 सेकंदांपेक्षा जास्त वेळ असा ताण दिला आणि लगेच जोर लावला, तर ताकद सरासरी 4 ते 5 टक्क्यांनी घटते. 60 सेकंदांच्या आत थांबल्यास ही घट 1 ते 2 टक्क्यांच्या आसपास राहते. 100 किलोची उचल करणाऱ्याच्या बाबतीत पहिल्या प्रकारात 4-5 किलो गेले असे समजा. रोजच्या सरावात त्याने फारसे बिघडत नाही, परंतु भरतीच्या मैदानावर 7.260 किलोचा गोळा फेकण्यापूर्वी कोणी पाच मिनिटे खांदे आणि मांड्या ताणत बसला असेल, तर त्याने स्वतःचेच नुकसान केले असे म्हणावे लागेल.

काही जणांचा एखादा सांधा इतका जखडलेला असतो की ताण दिल्याशिवाय योग्य स्थितीच घेता येत नाही. त्यांनी त्या भागाला 20 ते 30 सेकंद ताण द्यावा, नंतर तोच सांधा हालचालीत फिरवावा आणि मग हलक्या वजनाचे एक-दोन सेट करून मुख्य व्यायामाकडे वळावे. या क्रमाने केल्यास ताकदीतील घट जवळजवळ जाणवत नाही.

मग वॉर्मअप कसा असावा?

पाच ते दहा मिनिटे अंगात उष्णता आणणारी हालचाल, नंतर ज्या सांध्यांवर भार येणार आहे त्यांच्या मोकळ्या फेऱ्या, आणि शेवटी त्याच व्यायामाचे हलक्या वजनाचे सेट, एवढे पुरते. जागेवर धावणे, पाय पुढे-मागे झुलवणे, लांब पावले टाकत गुडघा वाकवून चालणे, हात खांद्यातून गोल फिरवणे, रिकाम्या बारने बैठका मारणे हे सर्व त्यात येते.

ऋतूप्रमाणे त्यात बदल करावा. पौष-माघाच्या पहाटे गोंदिया-भंडाऱ्याकडे पारा 10 अंशांच्या खाली उतरतो आणि अशा वेळी लोखंडी बार हातात धरवत नाही, तेव्हा वॉर्मअप पंधरा मिनिटांपर्यंत न्यावा आणि अंगावरचा स्वेटर घाम आल्यावरच काढावा. उलट मे महिन्यात, जेव्हा चंद्रपूर आणि अकोल्यात पारा 45 च्या पुढे जातो, तेव्हा अंग आधीच तापलेले असते. मात्र बाहेरून तापलेली कातडी म्हणजे तयार झालेला सांधा नव्हे, त्यामुळे हालचालीच्या फेऱ्या तेव्हाही टाळू नयेत. त्या दिवसांत टिनाच्या छपराखालील व्यायामशाळेत दुपारी व्यायाम करणे मात्र टाळावेच.

पहाटे उठल्याबरोबर वाकून पायाची बोटे धरावीत का?

पहिला तासभर तरी धरू नयेत, असे आम्ही सुचवतो. रात्री आडवे पडलेले असताना मणक्यांमधील चकत्या पाणी शोषून फुगतात. माणूस सकाळी रात्रीपेक्षा थोडा उंच असतो तो याच कारणाने, आणि दिवसभरात उंची जेवढी घटते, तिच्यातील निम्म्याच्या आसपास घट उठल्यानंतरच्या पहिल्या तासातच होते. चकत्या फुगलेल्या असताना कंबर पूर्ण वाकवली, तर त्यांच्यावरील ताण दिवसाच्या इतर वेळेपेक्षा बराच जास्त येतो. जुनाट कंबरदुखी असलेल्या लोकांनी केवळ पहाटेचे वाकणे टाळल्यावर त्यांचे दुखणे कमी झाल्याचे 1998 मधील एका अभ्यासात दिसले.

याचा अर्थ पहाटेचे सूर्यनमस्कार बंद करावेत असा नाही. आधी अंगण झाडावे, गोठ्यात एक चक्कर मारावी, मग सुरुवातीचे नमस्कार गुडघे किंचित वाकवून घालावेत, आणि जड डेडलिफ्ट (वाकून जमिनीवरचे वजन उचलत उभे राहणे) शक्यतो संध्याकाळसाठी ठेवावी.

स्क्वॅट (वजन घेऊन बैठक) करताना टाचा उचलल्या जातात किंवा पाठ गोल होते. काय करावे?

सर्वांत जास्त विचारला जाणारा प्रश्न हाच आहे. त्याचे उत्तर बहुतेक वेळा मांडीत नसून घोट्यात सापडते.

आपल्या गावांत उकिडवे बसण्याची सवय अजून शाबूत आहे. चुलीपुढे, गोठ्यात, वावराच्या धुऱ्यावर, शौचाला, अशा अनेक वेळी माणूस टाचा जमिनीला टेकवून पूर्ण खाली बसतो, आणि खोल स्क्वॅटसाठी लागणारी घोट्याची आणि खुब्याची हालचाल त्याला फुकट मिळते. साठी ओलांडलेली बाई अर्धा तास तशी बसून आंबाडीची भाजी निवडू शकते. तिच्या नातवाला मात्र, जो दिवसभर वर्गात बाकावर आणि नंतर मोटारसायकलवर बसतो, तेच बसणे मिनिटभरही जमत नाही. स्क्वॅट शिकवायला सुरुवात करण्यापूर्वी मुलाला नुसते उकिडवे बसायला सांगावे, म्हणजे निम्मे निदान तेथेच होते.

घोटा मोजण्याची सोपी पद्धत अशी: अनवाणी पायाने भिंतीसमोर उभे राहून पायाचा अंगठा भिंतीपासून 10 सेंटिमीटर अंतरावर ठेवावा, म्हणजे चार बोटे आणि वर थोडे. टाच जमिनीला घट्ट टेकवून गुडघा पुढे नेत भिंतीला लावावा. गुडघा टेकला तर घोटा पुरेसा मोकळा आहे. टाच उचलल्याशिवाय टेकत नसेल, तर अंतर कमी करत जावे आणि कोठे टेकतो ते खडूने जमिनीवर लिहून ठेवावे. दोन्ही पायांत फरक निघाला, तर आखूड बाजूकडे जास्त लक्ष द्यावे, कारण एका घोट्यामुळे पूर्ण स्क्वॅट एका बाजूला झुकतो आणि माणूस कंबरेला दोष देत बसतो.

उपाय दोन पातळ्यांवर करावा. सराव थांबू नये म्हणून टाचांखाली दोन-अडीच सेंटिमीटर जाडीची फळी ठेवून स्क्वॅट चालू ठेवावा. पूर्ण वीट खूप उंच होते आणि ती डुगडुगते, म्हणून वीट वापरू नये. दुसरीकडे घोटा सुधारण्यासाठी एक गुडघा जमिनीवर टेकून दुसरे पाऊल पुढे ठेवावे, पुढच्या गुडघ्यावर 10 किलोचे डंबेल किंवा धान्याची छोटी थैली ठेवावी आणि टाच न उचलता गुडघा पुढे ढकलून 30 सेकंद थांबावे. हे प्रत्येक पायाने तीन-चार वेळा करावे. ओट्याच्या कडेवर चवड्यांनी उभे राहून टाचा सावकाश खाली सोडणे आणि पुन्हा वर उचलणे हाही तितकाच चांगला व्यायाम आहे, कारण त्यात पोटरी ताणली जाते आणि बळकटही होते.

अर्थात काही जणांच्या मांडीचे हाडच लांब असते, तर काहींच्या खुब्याची खोबण निराळ्या कोनात असते. त्यांनी पाय थोडे रुंद ठेवून बोटे बाहेर वळवली की स्क्वॅट एकदम सुधारतो. हाडाच्या ठेवणीवर स्ट्रेचिंगचा काही इलाज चालत नाही, आणि म्हणून मित्राच्या स्क्वॅटची हुबेहूब नक्कल करण्याचा हट्ट धरू नये.

मांडीमागचे स्नायू फार कडक आहेत. ते कसे मोकळे करावेत?

आधी ते खरोखर कडक आहेत का, हे तपासावे. सतरंजीवर पाठ टेकून निजावे, एक पाय जमिनीवर सरळ ठेवावा आणि दुसरा पाय गुडघ्यात न वाकवता वर उचलावा. तो 80 अंशांच्या आसपास जात असेल, तर स्नायू ठीक आहेत, मग उभे राहून वाकल्यावर बोटे पायाला पुरोत वा न पुरोत. हातांची लांबी, पोटाचा घेर आणि कंबरेची ठेवण यांमुळेही बोटे पुरत नाहीत.

पाय वर नेताना मांडीच्या मध्यभागी ओढ जाणवली तर ती स्नायूची असते. झिणझिण्या, मुंग्या किंवा विजेसारखी कळ पोटरीत किंवा पावलात उतरत असेल आणि पावलाची बोटे स्वतःकडे ओढल्यावर ती वाढत असेल, तर ती नसेची ओढ असते. नसेला ताणून धरण्याने फायदा होत नाही, त्रास मात्र वाढतो, म्हणून अशा माणसाने स्ट्रेचिंग थांबवून तपासणी करून घ्यावी.

स्नायूच कडक असेल, तर दुपट्टा पावलाखालून घेऊन दोन्ही हातांनी धरावा. पाय ओढ जाणवेल तेथपर्यंत वर आणावा, मग सुमारे 6 सेकंद दुपट्ट्याविरुद्ध पाय खाली दाबावा, पण पूर्ण जोर लावू नये. नंतर सैल सोडून पाय आणखी थोडा वर आणून 20-30 सेकंद थांबावे. हे तीन-चार वेळा केल्यावर साध्या ताणापेक्षा जास्त हालचाल मिळते. त्याच्या जोडीला गुडघे किंचित वाकवून, पाठ सरळ ठेवून, कंबरेतून पुढे झुकत वजन नडगीपर्यंत सावकाश नेण्याची डेडलिफ्ट आठवड्यातून दोनदा करावी. आमच्या अनुभवाने यांपैकी टिकाऊ बदल दुसऱ्यानेच होतो.

दिवसभर शेतात वाकून काम केल्यावर वेगळे स्ट्रेचिंग लागते का?

होय, आणि ते बहुतेकांना वाटते त्याच्या उलट असते. कापूस वेचताना कमरेला बांधलेली ओटी जड होत जाते तसा माणूस अधिकाधिक पुढे ओढला जातो. निंदणात आणि धानाच्या रोवणीत तर कंबर तासन्‌तास वाकलेलीच असते. इतका वेळ वाकलेल्या पाठीचे स्नायू आणि अस्थिबंध आधीच ताणून थकलेले असतात. कंबर दुखते म्हणून संध्याकाळी पुन्हा पुढे वाकून तिलाच ताण देणे म्हणजे दिवसभराच्या कामात भर घालणे होय. तेव्हा थोडे बरे वाटते हे खरे, परंतु त्यावर लगेच जड डेडलिफ्ट केली, तर सैलावलेले अस्थिबंध मणक्याला पुरता आधार देत नाहीत.

अशा दिवशी दिशा बदलावी. पालथे निजून कोपरांवर, नंतर तळहातांवर छाती उचलावी आणि कंबर सैल सोडावी. एक गुडघा टेकून नितंब आवळावेत व जांघेचा पुढचा भाग ताणावा. दाराच्या चौकटीला दोन्ही कोपरे लावून छाती पुढे काढावी. पाठीवर 16 लिटरचा फवारणी पंप वाहणाऱ्यांना हा शेवटचा प्रकार विशेष उपयोगी पडतो, कारण पंपाचे पट्टे खांदे पुढे ओढून ठेवतात. प्रत्यक्ष कामातही दर वीस-पंचवीस मिनिटांनी उभे राहून हात कमरेवर ठेवून चार-पाच वेळा मागे झुकावे. मजुरीवर गेलेल्या बाईला ते नेहमी शक्य होत नाही, याची जाणीव आहे. तरीही तास उलटून पाणी प्यायला धुऱ्यावर येताना एवढे करता येते.

सोयाबीनच्या सोंगणीच्या आणि वेचणीच्या भरात व्यायामशाळेतील सेट निम्म्यावर आणावेत. शरीर वावरातला भार आणि बारबेलचा भार असा भेद करत नाही.

हात डोक्यावर सरळ जात नाहीत. हे बेंच प्रेसमुळे होते का?

एकट्या बेंच प्रेसमुळे नाही, पण छातीचा व्यायाम रोज आणि पाठीचा कधीमधी, ही बहुसंख्य तरुणांची सवय त्याला हातभार लावते. भिंतीला पाठ, कंबर आणि डोके टेकवून उभे राहावे व कोपर न वाकवता हात वर नेऊन भिंतीला लावावेत. कंबर भिंतीपासून सुटत असेल, तर खांदे किंवा पाठीचा वरचा भाग जखडलेला आहे.

कडुलिंबाच्या मजबूत फांदीला किंवा बारला 20 ते 30 सेकंद लटकणे हा उत्तम आणि बिनखर्चाचा उपाय आहे. सुरुवातीला पायाची बोटे जमिनीला टेकलेली असू द्यावीत. पाठीच्या वरच्या भागासाठी घट्ट गुंडाळलेली गोधडी खवाट्यांखाली आडवी ठेवून तिच्यावरून मागे झुकावे. खांदा पूर्वी निखळलेला असल्यास लटकू नये.

स्ट्रेचिंगने दुसऱ्या दिवसाचे अंगदुखणे कमी होते का?

जवळजवळ नाही. कोक्रेन या वैद्यकीय संशोधनाचे आढावे घेणाऱ्या संस्थेच्या 2011 च्या आढाव्यात, 100 गुणांच्या वेदनामापनावर व्यायामानंतरच्या स्ट्रेचिंगने दुसऱ्या दिवशीचे दुखणे सरासरी फक्त एका गुणाने कमी झाल्याचे दिसले. दुखणे कमी ठेवायचे असेल, तर वजन हळूहळू वाढवावे आणि दुसऱ्या दिवशी हलके चालावे-फिरावे.

निदान दुखापत तरी टळते का?

केवळ स्ट्रेचिंगने फारशी टळत नाही. ऑस्ट्रेलियाच्या सैन्यातील 1538 जवानांवर झालेल्या आणि 2000 मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात, व्यायामापूर्वी स्ट्रेचिंग करणारे आणि न करणारे यांच्या पायाच्या दुखापतींत लक्षणीय फरक पडला नाही. 2014 मध्ये 25 प्रयोगांचा एकत्रित विचार झाला, तेव्हाही स्ट्रेचिंगचा संरक्षक परिणाम दिसला नाही, मात्र ताकदीच्या व्यायामाने खेळातील दुखापती एक तृतीयांशापेक्षाही कमी उरल्या होत्या.

धावणाऱ्यांच्या मांडीमागच्या दुखापतीसाठी नॉर्डिक नावाचा व्यायाम आहे. गुडघ्यांखाली गोधडी घेऊन गुडघ्यांवर उभे राहावे, जोडीदाराने मागून घोटे घट्ट दाबून धरावेत आणि आपण शरीर सरळ ठेवून शक्य तितक्या सावकाश पुढे झुकत जमिनीकडे जावे. शेवटी तोल गेला की हातांनी सावरावे. हा व्यायाम कार्यक्रमात असलेल्या खेळाडूंत अशा दुखापती सुमारे निम्म्याने घटल्याचे आढळले आहे. पहिल्या आठवड्यात दोन सेट आणि प्रत्येकी चार-पाच वेळा एवढेच करावे, कारण दुसऱ्या दिवशी मांड्या चांगल्याच ठणकतात.

पोलीस भरतीसाठी धावणे, गोळाफेक आणि वजन हे तिन्ही चालू आहे. स्ट्रेचिंग कधी बसवावे?

1600 मीटर किंवा मुलींच्या 800 मीटरच्या सरावापूर्वी फक्त हालचालीचे व्यायाम करावेत. धावून झाल्यावर पोटरी, मांडीचा पुढचा भाग आणि जांघ यांना प्रत्येकी दोनदा 30 सेकंद ताण द्यावा. गोळ्याच्या दिवशी पाठीच्या वरच्या भागाचे वळणे मोकळे हवे, म्हणून काठी खांद्यांवर आडवी घेऊन दोन्ही बाजूंना संथ वळावे. प्रत्यक्ष परीक्षेच्या सकाळी नवीन काहीच करू नये. रांगेत दोन-दोन तास थांबावे लागते, तेव्हा एका जागी बसून ताण देत राहण्यापेक्षा अधूनमधून उठून पाय झुलवावेत.

एक ताण किती वेळ धरावा आणि आठवड्यातून किती दिवस?

10 ते 30 सेकंद धरावा, आणि एका स्नायूला एकूण साधारण 60 सेकंद मिळतील असे पाहावे. आठवड्यातून किमान दोन-तीन दिवस करावे. रोज केल्यास अधिक चांगले. ओढ जाणवावी, पण श्वास अडकू नये. जर्मनीत रोज एक तास याप्रमाणे सहा आठवडे पोटरीला उपकरणाने ताण दिल्यावर तिची ताकद आणि जाडी दोन्ही वाढल्याचे दिसले आहे. पण रोजचा एक तास मोकळा असेल, तर तो सरळ वजनाच्या व्यायामाला द्यावा, हे बरे.

जोडीदाराने पाठीवर दाब देऊन खाली वाकवले तर लवकर फरक पडतो का?

लवकर दुखापत होते. झटके देऊ नयेत, पाठीवर कोणाला बसू देऊ नये. जोडीदाराने फक्त आधार द्यावा आणि “बस” म्हटल्याक्षणी हात काढावा.

माझे सांधे आधीच फार लवचिक आहेत. मीही स्ट्रेचिंग करावे का?

बहुधा करू नये. अंगठा मनगटाकडे वाकवल्यावर मनगट आणि कोपर यांमधल्या हाताला टेकत असेल, कोपर आणि गुडघे मागच्या बाजूला जास्त वळत असतील, आणि गुडघे सरळ ठेवून तळहात सहज जमिनीला टेकत असतील, तर सांधे मुळातच सैल आहेत. अशा व्यक्तींना लवचिकता नको, नियंत्रण हवे असते. त्यांनी गुडघा किंवा कोपर शेवटच्या टोकाला नेऊन कुलूप लावल्यासारखे अडकवू नये आणि मध्यम वजनाने संथ सराव करावा. गरोदरपणातही अस्थिबंध सैल झालेले असतात, म्हणून त्या काळात स्त्रियांनी ताण शेवटच्या टोकापर्यंत नेऊ नये.

पन्नाशीनंतर किंवा मधुमेह असताना काय बदल करावा?

वयस्क व्यक्तींनी ताण 30 ते 60 सेकंद धरावा, कारण स्नायू सैल पडायला जास्त वेळ लागतो. मधुमेहात सांध्याभोवतीच्या ऊती कडक होण्याकडे कल असतो आणि खांदा जखडण्याचे प्रमाणही जास्त दिसते, तेव्हा खांद्याची हालचाल रोज तपासावी. पावलांना बधिरपणा असल्यास अनवाणी व्यायाम टाळावा. आणि वय झाले म्हणून वजन सोडून केवळ हात-पाय ताणत बसण्याचा सल्ला कोणी दिला, तर तो मानू नये. उतारवयात ताकद आधी जाते आणि पडण्याचा धोका ती गेल्याने वाढतो.

तेल-मालिश आणि रोलर यांचा उपयोग होतो का?

थोड्या वेळापुरता होतो. हालचाल काही मिनिटे वाढते आणि अंगाला बरे वाटते. महागडा रोलर घेण्याची आवश्यकता नाही.

कोणत्या दुखण्यात व्यायाम थांबवून डॉक्टरांकडे जावे?

उचलताना काही तुटल्यासारखा आवाज येऊन लगेच सूज किंवा निळसर डाग दिसला, तर त्या भागाला ताण देऊ नये, कारण फाटलेल्या स्नायूला ताणल्यास जखम मोठी होते. सांध्याची सूज दोन-तीन दिवसांत उतरली नाही, रात्री झोपेतून उठवणारे दुखणे असले किंवा हातापायात बधिरपणा येऊ लागला, तर ग्रामीण किंवा उपजिल्हा रुग्णालयात दाखवावे आणि फिजिओथेरपिस्टची भेट मागावी. उसण भरली म्हणून कंबरेवर लाथ मारून घेण्याची प्रथा काही गावांत अजून आहे. साधी उसण काही दिवसांत आपोआप ओसरते आणि श्रेय मात्र लाथेला मिळते, परंतु चकती सरकलेली असल्यास तोच प्रकार महागात पडू शकतो.

कंबरदुखीबरोबर दोन्ही पाय कमजोर पडणे, बसण्याच्या जागेला संवेदना नसणे किंवा लघवी-शौचावरील ताबा जाणे यांपैकी काहीही दिसले, तर सकाळची वाट न पाहता 108 क्रमांकाची रुग्णवाहिका बोलावून त्याच रात्री जिल्हा रुग्णालय गाठावे.